वनांचे विखंडन : ॲमेझॉनच्या अरण्यातील एक धडा

अरण्याच्या ऱ्हासाचा विषय निघाला की किती झाडे तोडली गेली, एवढेच आपण विचारतो. परंतु उरलेले अरण्य सलग आहे की त्याचे तुकडे झाले आहेत, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. रस्ते, शेती, कुरणे यांमुळे सलग वनाचे लहान लहान तुकडे होणे, यास वनांचे विखंडन म्हणतात.

या विषयाचा दीर्घकालीन अभ्यास ब्राझीलमधील मनाउस शहराच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर झाला आहे. तेथे गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडले जात होते. मात्र जमिनीचा निम्मा भाग वनाखाली ठेवण्याचे कायद्याचे बंधन होते. या परिस्थितीचा उपयोग करून अमेरिकन जीवशास्त्रज्ञ थॉमस लव्हजॉय यांनी १९७९ मध्ये प्रकल्प सुरू केला. १, १० व १०० हेक्टरांचे एकूण ११ तुकडे राखण्यात आले. पूर्वीच्या नोंदी व शेजारचे सलग अरण्य यांच्याशी या तुकड्यांची तुलना करता आली.

पहिला धडा मिळाला तो कडेविषयी. तुकड्याच्या कडेने ऊन आणि कोरडा वारा आत शिरतो. माती व पालापाचोळा सुकतो. कडेपासून ३०० मीटरच्या आतील मोठे वृक्ष अरण्याच्या अंतर्भागातील वृक्षांपेक्षा जवळजवळ तिप्पट वेगाने मरतात, असे आढळले. त्यांची जागा वेली आणि झपाट्याने वाढणारी झाडे घेतात. दुरून पाहणाऱ्यास तुकडा हिरवाच दिसतो. त्यातील वनस्पतींचा समाज मात्र बदललेला असतो.

येथे थोडे गणित करून पाहू. कडेचा प्रभाव केवळ १०० मीटरपर्यंत पोहोचतो असे मानले, तरी १०० हेक्टरांच्या चौरस वनात ६४ हेक्टर अंतर्भाग सुरक्षित राहतो. त्याच क्षेत्राचे १० हेक्टरांचे दहा चौरस तुकडे केले, तर सर्वांचा मिळून अंतर्भाग जेमतेम साडेतेरा हेक्टर उरतो. क्षेत्र तेवढेच, अरण्य मात्र कितीतरी कमी!

दुसरा धडा जमिनीवरील कीटकांचा. लहान तुकड्यांत शेणकिड्यांच्या जाती घटल्या, त्यांची संख्या रोडावली आणि सापडलेले किडेही आकाराने लहान होते. अरण्यातील अनेक जाती मधले उघडे कुरण ओलांडत नाहीत. हे किडे प्राण्यांची विष्ठा मातीत पुरतात; त्यामुळे मातीचा कस वाढतो आणि विष्ठेतील बियाही मातीआड होतात. किडे घटताच विष्ठा कुजण्याचे काम मंदावले.

तिसरा धडा बीजांचा. हेलिकोनिया ही केळीसारख्या पानांची वनस्पती त्या अरण्याच्या तळाशी वाढते. तिच्या बिया दोन्हीकडे पेरल्या असता सलग अरण्यात त्या तुकड्यांपेक्षा कित्येक पटींनी अधिक रुजल्या. म्हणजे मोठी झाडे उभी असली, तरी पुढची पिढी खुंटू शकते.

तथापि हा अभ्यास निराशेवर संपत नाही. काही कुरणे पुढे ओस पडली व तेथे पुन्हा झाडी वाढली. सुमारे १५ वर्षांनी पाहणी केली, तेव्हा शेणकिड्यांचा समाज बऱ्याच अंशी पूर्ववत झाला होता. तुकड्यांमधील मोकळी जागा हिरवी झाली की तुटलेले संबंध जुळू लागतात.

सह्याद्रीतील अनेक देवराया अशाच लहान तुकड्यांच्या रूपात उरल्या आहेत. त्यांच्या कडेची झुडपे साफ न करणे, पालापाचोळा न जाळणे आणि शेजारच्या पडीक जमिनीवर स्थानिक झाडी वाढू देणे, एवढे तर आपल्या हाती आहे. सुट्टीत मुलांसह देवराईत गेल्यास क्षणभर वर न पाहता खाली पाहावे. पाचोळा ओलसर आहे काय, त्यात मुंग्या, वाळवी, भुंगेरे दिसतात काय, रोपे उगवली आहेत काय, हे पाहावे. त्या वनाचे भवितव्य तेथेच वाचता येईल.