क्लिव्हिया आणि मातीची कुंडी

क्लिव्हिया हे दक्षिण आफ्रिकेतील रानांच्या सावलीत वाढणारे नारिंगी फुलझाड. गोंदियात मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा ते कसे जगवाल? मातीची कुंडी घ्या आणि ती पडवीत, ऊन न लागता उजेड मिळेल अशा जागी ठेवा. कुंडीच्या अंगातून पाझरलेल्या दर ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. माठ गार होतो तो असाच! पावसाळी दमट हवेत मात्र बाष्पीभवन मंदावते. तेव्हा वरची माती सुकल्यावरच पाणी द्या. नाहीतर मांसल मुळे कुजतात. हिवाळ्यात कुंडी अंगणातील झाडाखाली ठेवा. थंड रात्री फुलांना पोषक ठरतात. मातीच्या व प्लॅस्टिकच्या कुंडीतील मातीचे तापमान भर उन्हाळ्यात तापमापीने मोजा. फरक किती आढळतो?