एकदा होऊन गेलेला आजार पुन्हा होतो काय?

'एकदा होऊन गेलं, आता पुन्हा होत नाही.' पावसाळा सुरू झाला की वसतिगृहाच्या व्हरांड्यात हे वाक्य हटकून कानी पडते. काही वर्षांपूर्वी आम्ही स्वतःच ते उच्चारले होते. आठवीतील एका मुलास ताप आला. आदल्या वर्षी त्यास डेंग्यू होऊन गेला होता. तेव्हा हा डेंग्यू नसणार, असे गृहीत धरून आम्ही चार दिवस घालविले. ताप उतरला आणि आम्ही निर्धास्त झालो. पण त्याच रात्री त्याचे पोट असह्य दुखू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले. तो डेंग्यूच होता. मुलगा वाचला, आमची रुखरुख मात्र गेली नाही. म्हणून या वाक्यात सत्य किती, हे तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हे वाक्य अनुभवातून आले आहे. इ. स. पूर्व ४३० मध्ये अथेन्स नगरीत भीषण साथ पसरली. इतिहासकार थुसिडायडीस त्या साथीतून स्वतः वाचला होता. बरा झालेल्यास तो रोग पुन्हा जिवावर बेतेल असा होत नसे आणि असे लोकच रुग्णांविषयी अधिक कळवळा दाखवीत, असे त्याने नोंदविले आहे. परंतु आता आपणांस कोणताच रोग होणार नाही, असा भ्रम त्यांच्यापैकी काहींना झाला होता, हेही त्याने लिहून ठेवले.

१८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर गोवराची साथ आली. सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० च्या आसपास लोक आजारी पडले. तरुण डॅनिश वैद्य पानुम याने घरोघरी चौकशी केली. त्यापूर्वीची साथ १७८१ मधील होती. त्या साथीत गोवर होऊन गेलेल्या वृद्धांपैकी एकासही तो पुन्हा झाल्याचे पानुमला आढळले नाही. मधल्या पासष्ट वर्षांत बेटांवर गोवर नव्हता. तरीही शरीराने आपली स्मृती जपली होती.

ही स्मृती कोणती? विषाणू शरीरात शिरला की रक्तातील पांढऱ्या पेशी त्यास ओळखून प्रतिपिंडे तयार करतात. रोग सरल्यावर प्रतिपिंडे कमी होत जातात. परंतु काही स्मृतिपेशी मागे राहतात आणि तोच विषाणू पुन्हा आल्यास त्वरेने कामास लागतात. मात्र ही ओळख त्या विषाणूपुरतीच असते. गोवराच्या विषाणूचे ओळखचिन्ह फारसे बदलत नाही, म्हणून ती आयुष्यभर पुरते. इन्फ्लुएंझाचा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून तो पुनःपुन्हा गाठतो. २०२१ च्या अखेरीस आलेल्या ओमायक्रॉनने कोरोनातून बरे झालेल्या असंख्य लोकांना पुन्हा आजारी पाडले, त्याचेही मुख्य कारण हेच. कांजिण्यांचा विषाणू तर शरीर सोडतच नाही. मज्जातंतूंत दबा धरून राहतो आणि पुढे कधी नागीण होऊन प्रकटतो.

डेंग्यूचे प्रकार चार आहेत. एका प्रकाराने त्या प्रकारापुरते दीर्घ संरक्षण मिळते. इतरांपासून मिळणारे संरक्षण काही महिन्यांचेच असते. पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाली, तर जुनी अपुरी प्रतिपिंडे विषाणूस पेशीत शिरण्यास साहाय्यच करू शकतात. म्हणून दुसऱ्या वेळचा डेंग्यू अधिक घातक ठरण्याचा संभव असतो. आम्ही ज्याला ढाल समजलो, तीच धोक्याची खूण होती.

मग रोग होऊन गेलेला बरा, असे म्हणावे काय? मुळीच नाही. गोवर इतर रोगांविरुद्धची साठलेली प्रतिपिंडेही नष्ट करतो, असे २०१९ मधील संशोधनाने दाखविले. लस ही स्मृती देते, तीही रोगाची किंमत न घेता. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचली गेली. भारतातील ती पहिली यशस्वी लस. ज्या रोगास देवीचा कोप समजून आपल्या लोकांनी नवस केले, तो जगातून नाहीसा झाल्याचे मे १९८० मध्ये जाहीर झाले. ते नवसाने झाले नाही, लसीने झाले.

पालकांना आमची विनंती एवढीच. अंगावर पुरळ आलेला प्रत्येक आजार गोवर नसतो. तेव्हा 'गोवर होऊन गेला' म्हणून लसीची मात्रा चुकवू नये. पाल्यास पूर्वी डेंग्यू झाला असल्यास प्रवेशाच्या वेळीच लेखी कळवावे. ताप उतरल्यावर पोटदुखी, वारंवार उलट्या, रक्तस्राव वा ग्लानी दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. डेंग्यूच्या शंकेत ॲस्पिरिन वा आयबुप्रोफेन देऊ नये. घरी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा.

मळमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूस तथागतांनी आनंदासह स्वहस्ते धुतले आणि ज्यास माझी सेवा करावयाची असेल त्याने रुग्णाची सेवा करावी, असे संघास सांगितले. ऐकीव गोष्ट पारखून घ्यावी, हीदेखील त्यांचीच शिकवण. त्या चार दिवसांत आम्ही मुलाच्या उशाशी बसलो होतो, परंतु पारख केली नव्हती. आता आमच्या वसतिगृहात ताप आलेल्या मुलास पहिला प्रश्न विचारला जातो: 'यापूर्वी डेंग्यू झाला होता का?' उत्तर 'हो' असल्यास आम्ही थांबत नाही.