साथीच्या काळातील सरकारी मदत आणि शेतीच्या नोंदी

आपत्तीनंतर सरकारी मदत जाहीर झाली की 'किती मिळणार?' असे आपण लगेच विचारतो. पण झालेले नुकसान कशाच्या आधारे दाखवायचे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. कोरोना साथीत अमेरिकेच्या ग्रामीण भागात शेतकऱ्यांना जी मदत दिली गेली, तिच्या अभ्यासातून हे चांगले समजते.

मदतीची गरज का पडली?

मार्च २०२० मध्ये तेथील शाळा व उपाहारगृहे बंद झाली. मालाला उठाव राहिला नाही. काही ठिकाणी दूध ओतून द्यावे लागले. मांस कारखान्यांतील कामगार आजारी पडल्याने विक्रीला आलेली डुकरे व गुरे शेतकऱ्यांकडेच अडकली. १७ एप्रिल २०२० रोजी तेथील कृषी खात्याने १९ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली. त्यातील १६ अब्ज थेट शेतकऱ्यांसाठी व ३ अब्ज अन्न खरेदीसाठी होते.

अर्ज कोठे करायचे?

काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुका-जिल्ह्यासारखा विभाग. तेथे 'फार्म सर्व्हिस एजन्सी'ची स्थानिक कार्यालये शेतकऱ्यांचे अर्ज घेतात. या कामावर शेतकऱ्यांनी निवडून दिलेली समितीही असते. साथीमुळे बरेचसे काम दूरध्वनी व इंटरनेटवरून चालले. पहिल्या फेरीचे अर्ज २६ मे २०२० पासून सुरू झाले. सुरुवातीला मंजूर रकमेच्या ८० टक्केच रक्कम दिली गेली.

रक्कम कशी ठरली?

दुसरी फेरी २१ सप्टेंबर २०२० पासून सुरू झाली. तिचे मुख्य निकष असे होते :

१) मका, सोयाबीन यांसारखी पिके : पेरणी क्षेत्रावर, एकरी किमान १५ डॉलर.
२) जनावरे : मांसासाठीच्या गुरांना प्रत्येकी ५५ व डुकरांना प्रत्येकी २३ डॉलर.
३) भाजीपाला, फळे व फुले : २०१९ च्या विक्रीवर. पहिल्या ४९,९९९ डॉलरपर्यंत १०.६ टक्के, पुढील टप्प्यांना कमी दर.

समजा, एका भाजीपाला उत्पादकाने २०१९ मध्ये ४०,००० डॉलरचा माल विकला. त्याला ४,२४० डॉलर मिळू शकत होते. पण पावत्या १५,००० डॉलरच्याच असतील, तर पुराव्यानिशी मागता येतात फक्त १,५९० डॉलर. म्हणजे माल पिकवूनही २,६५० डॉलर केवळ नोंदीअभावी गेले. अर्जात शेतकऱ्याने स्वतः आकडे लिहून द्यायचे होते. मात्र आधाराची कागदपत्रे ३ वर्षे जपून ठेवणे व तपासणीत दाखवणे बंधनकारक होते.

कोण मागे राहिले?

कंपनीसाठी करारावर कोंबड्या वाढवणाऱ्यांचे उत्पन्न घटले, पण पक्षी कंपनीच्या मालकीचे असल्याने सुरुवातीला ते योजनेत बसले नाहीत. २०२१ मध्ये त्यांचा समावेश झाला.

आपण काय शिकावे?

आपल्याकडे एप्रिल २०२० मध्ये पीएम-किसानचा २,००० रुपयांचा हप्ता लवकर दिला गेला. त्याचा आधार जमिनीची नोंद हा होता. वाट्याने शेती करणाऱ्या, नावावर जमीन नसलेल्या शेतकऱ्याला तो मिळू शकला नाही. निकष वेगळे असले तरी दोन्हीकडे मदत नोंदीवरूनच पोहोचली. म्हणून :

- प्रत्येक हंगामात पीक पाहणीची नोंद वेळेवर करावी व सातबारा तपासून घ्यावा.
- आडत्याकडील हिशोबपट्टी व दूध संस्थेच्या पावत्या वर्षवार एकत्र ठेवाव्यात.
- बांधावर किंवा आठवडे बाजारात रोखीने विकलेला माल त्याच दिवशी तारीख, वजन व दरासह वहीत लिहावा.
- जनावरांची खरेदी-विक्री, जन्म व मृत्यू यांची नोंद ठेवावी.
- करार शेती करताना माल किंवा पक्षी कोणाच्या मालकीचे व नुकसान कोण सोसणार, हे करारात वाचून मगच सही करावी.

रोजची दहा मिनिटे या कामाला द्यावीत. आपत्ती आल्यावर मागील वर्षाची वही नव्याने लिहिता येत नाही.