खाटेचे चार कोपरे



संत मार्कच्या शुभवर्तमानात (२:१-१२) चौघे जण एका पक्षाघाती माणसाला खाटेवर घालून प्रभू येशूकडे आणतात. गर्दीतून वाट मिळेना, तेव्हा ते छप्पर उघडून त्याला खाली सोडतात. आपण मनन करतो ते त्या माणसाच्या बरे होण्याचे. पण त्याला उचलणारे चौघे होते. एकट्याला ती खाट पेलली नसती.

आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन द्यायला आम्ही घरोघरी जातो तेव्हा बहुधा उलटे दिसते. कर्करोग, लकवा, जुनी सांधेदुखी. आणि खाटेचे चारही कोपरे एकाच बाईच्या हाती. रात्री कूस बदलून द्यायची, पहाटे स्वयंपाक, मग कापूस वेचायला जायचे. येणारा प्रत्येक जण आजाऱ्याची विचारपूस करतो. "बाई, तू झोपलीस का?" हे कोणी विचारत नाही.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. १९३९ मध्ये कुष्ठरोगाने पीडित परचुरे शास्त्री सेवाग्राम आश्रमात आले. गांधीजींनी त्यांना जवळच झोपडी दिली आणि कामाच्या व्यापातही ते स्वतः त्यांना मालिश करीत. 

घरच्यांच्या मनावर आणखी एक ओझे असते. वेदना मुकाट्याने सोसणे हीच श्रद्धा, असे काहींना वाटते. औषध द्यायलाही मन कचरते. पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्येच स्पष्ट केले होते, की वेदनाशामक औषध घेण्यास ख्रिस्ती शिकवणुकीची आडकाठी नाही. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन उपयोगी पडते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ते मिळणे अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सोपे केले. म्हणून डॉक्टरांना वेदनेविषयी निःसंकोच विचारा. डोस ठरलेल्या वेळी द्या, दुखणे वाढायची वाट पाहू नका.

आपल्याला काय करता येईल? आठवड्यातून दोन तास आजाऱ्याजवळ बसून घरच्या बाईला मोकळे करावे. एका वेळचा डबा द्यावा. सेवाग्रामला किंवा सावंगीला दवाखान्यात जाताना सोबत करावी. "काही लागले तर सांगा" असे म्हणून निघू नये. वार आणि वेळ ठरवून जावे.

मननासाठी:
१. आपल्या शेजारी कोणत्या घरी एकच माणूस खाट वाहत आहे?
२. या आठवड्यात त्या खाटेचा कोणता कोपरा आपण धरणार?