औषधांना दाद न देणाऱ्या जखमेवर जेल आणि दिवा

मांडीवर केसतूड उठतं, गोळ्यांनी बसतं आणि महिन्याभरात शेजारी दुसरं उठतं. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची जखम तीन मलमं बदलूनही ओलीच राहते. अशा वेळी घरातलं कुणीतरी मोबाइलवर बातमी दाखवतं: जेल लावायचं, दिवा धरायचा, औषधांना न जुमानणारे जंतूही मरतात. बातमी खोटी नाही. पण ती वाचून दवाखान्यात निघालेल्या माणसाने काय विचारायचं, काय सांभाळायचं, हे तिच्यात नसतं.

आधी हा उपचार चालतो कसा ते समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक सूचना त्यातूनच निघते. जेलमध्ये प्रकाश शोषणारं द्रव्य असतं. मेथिलीन ब्लू हा निळा रंग त्यांपैकी एक. नुसत्या जेलने फारसं काही होत नाही, नुसत्या दिव्यानेही नाही. द्रव्य जंतूला चिकटलं, त्याला मानवणाऱ्या रंगाचा प्रकाश त्यावर पडला आणि तिथे प्राणवायू असला, की त्या प्राणवायूचं अतिशय जहाल रूप तयार होतं. ते क्षणभरही टिकत नाही आणि जिथे जन्मतं तिथून केसाच्या जाडीइतकंही दूर जात नाही. तेवढ्यात जंतूचं आवरण, प्रथिनं, जनुकद्रव्य असं जे लगत सापडेल ते जाळतं. प्रतिजैविक बहुधा एकाच ठिकाणी घाव घालतं. तेवढी जागा बदलली की जंतू निसटतो. इथे त्याला सगळंच एकदम बदलावं लागेल. म्हणून एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस, यालाही या उपचारापासून सहज पळ काढता येत नाही.

कल्पना प्रतिजैविकांहून जुनी आहे. १९०० च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला दिसलं, की अ‍ॅक्रिडीन रंगातले पॅरामेशियम हे एकपेशीय जीव उजेडात मरतात आणि अंधारात तगतात. पुढे पेनिसिलिन आलं आणि ही वाट मागे पडली.

आता तुमचं पहिलं काम. दिव्याची चौकशी करण्याआधी पुवाची कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी तपासणी करून घ्या. शक्यतो नवं प्रतिजैविक सुरू करण्याआधी, आणि जखम सलाइनने धुऊन तळाचा नमुना घेऊन. वरवरच्या पुवात भलतेच जंतू सापडतात. अहवाल साधारण दोन-तीन दिवसांत येतो. त्यात औषधाच्या नावापुढे ‘आर’ असेल तर ते औषध त्या जंतूवर चालत नाही, ‘एस’ असेल तर चालतं. कित्येकदा ‘कशालाच दाद देत नाही’ म्हटल्या जाणाऱ्या जखमेच्या अहवालात एखादं साधं, स्वस्त औषध ‘एस’ निघतं. मग दिव्याची गरजच उरत नाही. त्याच दिवशी रक्तातली साखरही तपासा. खाज सुटणारा गोल चट्टा असेल तर तो बहुधा बुरशीचा असतो. त्यावर दुकानातून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावत असाल तर ती डॉक्टरांना दाखवा. रोग चिवट होण्याचं कारण पुष्कळदा त्या ट्यूबमध्येच सापडतं.

दुसरा प्रश्न खोलीचा. निळा प्रकाश त्वचेत एखादा मिलिमीटरही धड शिरत नाही, लाल प्रकाश काही मिलिमीटर जातो. त्यामुळे वरच्या थरातला संसर्ग, उथळ व्रण, नखाची बुरशी यांच्यासाठी हा विचार करता येतो. खोल गळू असेल तर ते चिरून पू काढावाच लागतो. ताप आला, लाली तासातासाला पसरू लागली, लाल रेघ वर चढताना दिसली, कातडी काळी पडली किंवा जखम दिसते त्याच्या मानाने ठणका फार असला, तर कुठल्याही जेलची वाट न पाहता थेट मोठं रुग्णालय गाठा.

मग त्वचारोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा: हे जेल कशासाठी मंजूर आहे? दहा टक्के अमायनोलेव्ह्युलिनिक आम्लाचं जेल युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालं, ते उन्हामुळे येणाऱ्या खरबरीत, कर्करोगपूर्व चट्ट्यांसाठी. औषधांना दाद न देणाऱ्या संसर्गांवरचा वापर अजून मुख्यतः संशोधनाच्या टप्प्यावर आहे. तुम्हाला चाचणीत सहभागी करून घेत असतील तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक मागा, संमतीपत्र मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. अपाय झाल्यास उपचार आणि भरपाई कोण देणार, हेही त्यात पाहा. विचारायला संकोचू नका, तो तुमचा हक्क आहे.

पॉर्फिरिया, म्हणजे त्वचेला उजेड न सोसण्याचा आजार, असेल तर आधीच सांगा. डॉक्सिसायक्लिन किंवा रक्तदाबासाठी हायड्रोक्लोरोथायझाइड घेत असाल, तर त्यांनी त्वचा आधीच उन्हाला हळवी झालेली असते. चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालूनच न्या.

उपचाराच्या दिवशी आधी खपली आणि मेलेली कातडी काढतात. थोडं दुखतं, पण ते टाळू नका. खपलीखाली द्रव्यही पोचत नाही आणि प्रकाशही. मग जेलचा पातळ थर लावतात. ‘जास्त लावा हो’ असा आग्रह धरू नका, जाड थर स्वतःच प्रकाश अडवतो. जेल किती वेळ ठेवायचं ते द्रव्यावर ठरतं: मेथिलीन ब्लूला मिनिटं पुरतात, वर सांगितलेल्या दहा टक्क्यांच्या जेलला उजेड न शिरणाऱ्या पट्टीखाली तीन तास लागतात. मधल्या वेळात पट्टी उचकून पाहू नका. दिव्याखाली बसताना डोळ्यांवर चष्मा हवाच, तुमच्याही आणि दिवा धरणाऱ्याच्याही. काहींना जखमेवर तिखट लागल्यासारखी आग होते. दात आवळून सोसू नका, सांगा. गार हवेचा झोत सोडून किंवा मध्ये थांबून ती कमी करता येते.

घरी जाण्याची तयारी मात्र सकाळीच करून ठेवा. पुढचे साधारण ४८ तास ती जागा उन्हापासून जपायची असते, आणि नेहमीचं सनस्क्रीन इथे अपुरं पडतं, कारण ते अतिनील किरण अडवतं. हे द्रव्य मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेच जागं होतं. जाड, गडद कापड हवं. वेळ संध्याकाळची मागून घ्या, पायावर उपचार असेल तर मोजे न्या, दुचाकीऐवजी रिक्षाने या. काही दिवस लाली, सूज, नवी खपली राहील. ती नखाने काढू नका. उरलेले जंतू पुन्हा वाढतात, म्हणून एका बैठकीत भागत नाही, आणि डॉक्टरांनी चालू ठेवलेल्या गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हळदीतलं करक्युमिनही निळ्या प्रकाशात जंतू मारतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण म्हणून जखमेवर हळदीचा लेप लावून उन्हात बसू नका. प्रयोगातली मात्रा आणि प्रकाश मोजलेला असतो, डब्यातली हळद आणि अंगणातलं ऊन मोजलेलं नसतं. कोडावर बावचीचं तेल लावून मनानेच ऊन घेणाऱ्यांच्या अंगावर फोड येतात, हे आपल्याकडे जुनंच दुखणं आहे. ऑनलाइन मिळणाऱ्या लाल दिव्यांचंही तेच: रंग लाल दिसला म्हणून तरंगलांबी आणि जोर जुळतीलच असं नाही.

निघताना कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: जेलमधलं द्रव्य व त्याचं प्रमाण, ते किती वेळ ठेवलं, दिव्याची तरंगलांबी, आणि दर चौरस सेंटिमीटरला दिलेली प्रकाशाची मात्रा. त्याच फाइलमध्ये कल्चरचा अहवाल आणि दर आठवड्याला त्याच अंतरावरून, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला जखमेचा फोटो लावा. पुढच्या भेटीत डॉक्टर आधी तेच मागतील.