ट्रेडमार्क: पिशवीवरच्या नावाची राखण आपणच करायची

*शेतकरी सल्ला – विक्री आणि व्यवसाय*



आज फवारणीचा सल्ला नाही, बाजारभावही नाही. आजचा विषय आहे आपल्या पिशवीवर छापलेलं नाव. मेसेज जरा मोठा आहे, पण निवांत वेळ काढून पूर्ण वाचा.

*नावाला एवढं महत्त्व का?*
हळदीची पुडी पॅकबंद असते. गिऱ्हाईक आतला माल बघू शकत नाही. मागच्या वेळी चांगली निघाली, म्हणून तो नाव बघून तीच पुडी पुन्हा उचलतो. म्हणजे हे नाव आपण सगळ्यांनी चांगला माल घालून जमवलेलं भांडवल आहे. ते चोरायला कुणाला गोदामाचं कुलूप तोडावं लागत नाही. तशीच पिशवी छापून घेतली आणि त्यात हलका माल भरला, की झालं. बदनामी मात्र आपल्या नावावर येते आणि भाव आपला पडतो.

ट्रेडमार्क म्हणजे हे नाव, चिन्ह किंवा लोगो ठरावीक मालासाठी आपला आहे याची सरकारी नोंद. ही नोंद ट्रेडमार्क कायदा, 1999 खाली होते.

*नेहमी होणारे तीन गैरसमज*
1. "कंपनी नोंदली म्हणजे नावही आपलं झालं." तसं नाही. कंपनीची नोंदणी वेगळी, ट्रेडमार्क वेगळा. आपल्या कंपनीच्या नावाने दुसरा कुणी मसाला विकायला लागला, तर नुसतं कंपनीचं प्रमाणपत्र दाखवून भागत नाही.
2. "एफएसएसएआयचा नंबर आहे ना!" तो खाद्यपदार्थाचा परवाना आहे. नावाच्या मालकीशी त्याचा संबंध नाही.
3. "एकदा नोंदलं की सगळ्या मालाला चालतं." नाही. माल वर्गवार विभागलेला आहे. द्राक्षाचंच बघा: ताजी द्राक्षं वर्ग 31, बेदाणा वर्ग 29, रस वर्ग 32 आणि वाइन वर्ग 33. हळद पावडर आणि गूळ वर्ग 30 मध्ये येतात. ज्या वर्गात विक्री आहे किंवा लवकरच करणार आहोत, त्या वर्गात अर्ज करावा लागतो.

*कसलं नाव मिळतं?*
"शुद्ध हळद", "ताजी द्राक्षं" अशी मालाचं नुसतं वर्णन करणारी नावं सहसा मिळत नाहीत, कारण ते शब्द सगळ्यांनाच वापरावे लागतात. नुसतं गावाचं किंवा जिल्ह्याचं नावही तसंच. मालाशी थेट संबंध नसलेलं, वेगळं, तोंडात बसणारं नाव सगळ्यात पक्कं.

*नोंदणी कशी होते?*
– आधी सरकारी पोर्टलवर तसंच किंवा ऐकायला सारखं नाव आहे का ते शोधायचं. हे फुकट आहे. पिशव्या छापायच्या *आधी* करायचं.
– मग अर्ज. ऑनलाइन फी प्रत्येक वर्गाला 9,000 रुपये. एकटी व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघु उद्योग असेल तर 4,500 रुपये. त्यासाठी उद्यम नोंदणीसारखा पुरावा जोडावा लागतो.
– कार्यालयाने हरकत काढली तर 30 दिवसांत उत्तर द्यायचं. इथे ढिलाई केली तर अर्ज बाद होऊ शकतो.
– त्यानंतर नाव जर्नलमध्ये छापून येतं. 4 महिन्यांत कुणी विरोध केला नाही तर नोंदणी होते.
– नोंदणी 10 वर्षांची. पुढे दर 10 वर्षांनी नूतनीकरण.

नावापुढे "टीएम" लावायला नोंदणी लागत नाही. पण वर्तुळातला "आर" फक्त नोंदणी झाल्यावरच लावायचा. आधी लावला तर तो गुन्हा आहे. अर्ज केल्यावर "इतके पैसे भरा, नाहीतर नाव जाईल" असे फोन किंवा पत्रं येतात. पोर्टलवर खात्री केल्याशिवाय रुपयाही भरू नका.

*नोंद कुणाच्या नावावर?*
हा मुद्दा सगळ्यात मोठा. अर्ज कंपनीच्या नावानेच झाला पाहिजे, अध्यक्षांच्या किंवा एखाद्या संचालकाच्या नावाने नाही. माणसं बदलतात. उद्या तो संचालक बाहेर पडला तर कागदावर नाव त्याचं राहील, आणि आपण आपल्याच पिशवीसाठी त्याच्या दारात उभे राहू.

अमूलचं उदाहरण घ्या. हा ट्रेडमार्क गुजरातमधल्या खेडा जिल्हा दूध उत्पादक संघाचा आहे, कुणा एका माणसाचा नाही. कॅनडात काही जणांनी तेच नाव आणि लोगो लावून समाजमाध्यमावर पान चालवलं. संघ तिथल्या फेडरल कोर्टात गेला आणि 2021 मध्ये निकाल संघाच्या बाजूने लागला. दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांची संस्था परदेशात जाऊन आपलं नाव सोडवू शकली. लक्षात ठेवा, भारतातली नोंदणी भारतापुरतीच चालते. निर्यात करायची तर त्या देशातही नोंदणी हवी.

*जीआय म्हणजे ट्रेडमार्क नव्हे*
सांगलीचा बेदाणा, कोल्हापूरचा गूळ, नाशिकची द्राक्षं, जळगावची केळी यांना जीआय मानांकन आहे. जीआय त्या भागाचा, तिथल्या सगळ्या पात्र उत्पादकांचा. तो वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते. ट्रेडमार्क मात्र एका मालकाचा. जीआय सांगतो माल *कुठला*, ट्रेडमार्क सांगतो माल *कुणाचा*. दोन्ही एका पिशवीवर असू शकतात.

*आता तुमचं काम*
– कंपनीच्या छापील रिकाम्या पिशव्या आणि बॉक्स कुणालाही देऊ नका, भंगारातही विकू नका. उरले तर संकलन केंद्रावर परत करा. बाहेरचा आंबा हापूसच्या पेटीत भरून विकला जातो, हे आपण ऐकतोच. ती वेळ आपल्यावर नको.
– प्रतवारीत नाकारलेला माल कंपनीच्या पिशवीत भरून बाहेर विकू नका. नाव बाहेरच्याने बुडवलं काय आणि घरच्याने बुडवलं काय, बुडतं ते बुडतंच.
– आपल्या नावाशी मिळतंजुळतं नाव बाजारात दिसलं तर पुडी विकत घ्या, बिल घ्या, पुढून-मागून फोटो काढा आणि याच नंबरवर पाठवा. दुकानदाराशी वाद घालू नका.
– जुनी बिलं, जुनी लेबलं, प्रदर्शनातले फोटो फेकू नका. नाव आधीपासून कोण वापरतंय हे ठरवताना कोर्टात हेच कामी येतात.
– घरचा स्वतःचा ब्रँड असेल, लोणचं, पापड, काकवी काहीही, तर त्याचं नाव आम्हाला कळवा. पोर्टलवर शोध घ्यायला कार्यालयात मदत करू.

शंका असेल तर व्हॉइस मेसेज टाका. टाइप करत बसायची गरज नाही. आणि हा मेसेज घरात पॅकिंगचं काम जे बघतात त्यांनाही वाचायला द्या.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी