पगार कापला? कारण कागदावर मागा, ते फुकट आहे

तबूकमध्ये शेतीच्या फार्मवर, निओमच्या बांधकामावर किंवा गॅरेजात राबणाऱ्याला शिक्षा झाल्याचं बहुतेकदा पगाराच्या दिवशीच कळतं. खात्यात पैसे कमी येतात आणि विचारलं की सुपरवायझर वर बोट दाखवतो. तेवढ्यावर परत फिरू नका. सौदी श्रम कायद्याच्या ७१व्या कलमानुसार मालकाने आरोप लेखी कळवायचा असतो, तुमचं म्हणणं ऐकायचं असतं आणि त्याची नोंद तुमच्या फाइलला लावायची असते. तोंडी चौकशी चालते ती किरकोळ चुकीपुरती, म्हणजे ताकीद किंवा फार तर एका दिवसाची कपात. नोंद तिचीही हवी.

आता हिशेब. एका चुकीचा दंड पाच दिवसांच्या पगारापेक्षा जास्त नसतो आणि महिन्याभरातले सगळे दंड मिळूनही ती मर्यादा ओलांडता येत नाही. महिना १८०० रियाल असेल तर दिवसाचे ६०, म्हणजे दंड जास्तीत जास्त ३००. दंड म्हणून ४०० कापले असतील, तर चूक तुमची असली तरी वरचे १०० बेकायदा. एकाच चुकीला दोन शिक्षा नाहीत. बिनपगारी निलंबनही महिन्यात पाच दिवसांपर्यंतच. आणि एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते: दंडाची वेगळी नोंदवही ठेवावी लागते, तीत नाव, पगार, रक्कम, कारण आणि तारीख लिहावी लागते. हा पैसा मालकाच्या खिशात जाण्यासाठी नसतो, तो कामगारांच्या हितासाठीच खर्चायचा असतो.

शिक्षेच्या पत्रात नुसतं ‘नियमभंग’ लिहून भागवलं असेल तर लगेच दोन ओळींचा अर्ज द्या: कोणत्या तारखेची घटना, कंपनीच्या नियमावलीतला कोणता नियम? नियमावलीत किंवा कायद्यात नसलेली शिक्षा मालकाला देता येत नाही. कारणच माहीत नसेल तर दाद मागणार कशाविरुद्ध? आपल्याकडे रेल्वेच्या रामचंदर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हेच बजावलं होतं: अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याने कारणांसह आदेश द्यावा. तो निकाल तबूकमध्ये लागू नाही, पण मागणी तीच ठेवा.

शिक्षेचं पत्र हाती पडल्यावर पंधरवडा उलटू देऊ नका. आधी मनुष्यबळ मंत्रालयाच्या सामोपचार विभागात ऑनलाइन तक्रार करायची. आपली माणसं अजूनही त्याला ‘मक्तब अमल’च म्हणतात. चौकशीसाठी फोन १९९११. तिथे तोडगा निघाला नाही तर प्रकरण श्रम न्यायालयात जातं. तक्रारीला पैसे पडत नाहीत आणि हक्काच्या रकमेसाठी दावा लावणाऱ्या कामगाराला न्यायालयाचं शुल्कही माफ आहे. खर्च होतो तो अरबी भाषांतराचा आणि बुडालेल्या रोजाचा. वकील सक्तीचा नाही. तीनशे रियालच्या दंडासाठी वकील लावणं म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. नोकरीच गेली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा फी किती आणि कधी द्यायची, हे आधी लिहून घ्या. भारतीय वाणिज्य दूतावास जेद्दात आहे, रस्त्याने हजारएक किलोमीटर. म्हणून आधी ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवा.

तक्रार केली म्हणून कामावर जाणं मात्र थांबवू नका. सलग १५ दिवसांपेक्षा जास्त विनाकारण गैरहजेरी झाली, तर लेखी इशारा देऊन बडतर्फ करता येतं, शिवाय ‘हुरूब’, म्हणजे कामावरून पळाल्याची नोंद, लागण्याची भीती वेगळीच. घरगुती कामगार आणि घरचे ड्रायव्हर यांना हा कायदा लागू नाही, त्यांची नियमावली निराळी आहे.

पत्र नाकारूनही उपयोग नाही. ते रजिस्टर्ड टपालाने तुमच्या पत्त्यावर येतं. त्यापेक्षा घ्या, ‘मिळालं, मान्य नाही’ असं लिहून तारीख टाका आणि सही करण्याआधी फोटो काढून ठेवा.